माझ्या चिमट्याची खंडेनवमी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे थोडं ऐकावं लागणार आहे. घोळ तसे मी जन्मभर घातले. एकदा भलत्याच लग्नात शिरून, अक्षता टाकून, जिलबीसकट जेवून आले, वर आहेरही देऊन आले. पण ते सगळे साध्या डोळ्यांनी दिसणारे घोळ. आज सांगतेय तो घोळ मी सूक्ष्मदर्शकाखाली घातला, चाळीसपट मोठा केला, त्याचे रंगीत फोटो काढले आणि स्वतःच्या सहीने साहेबांना पाठवले.

मी मूळची सांगलीची. अण्णा, म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डात हळदीचे अडते. आमच्या घरात सगळं पिवळं. उंबरा पिवळा, अण्णांचे सदरे पिवळे, माझ्या दहावीच्या मार्कशीटची कडासुद्धा पिवळी. मी हळदीत इतकी वाढले, की मला तिचा वासही येत नाही.

गेली चौदा वर्षं मी चंदीगडला आहे. इथल्या एका संस्थेत कोंबडीच्या अंड्यांवर काम करते. असं म्हटलं की आमच्या मराठी मंडळातल्या बायका ऑम्लेटच्या चौकशा करतात, म्हणून जरा नीट सांगते.

बरवाल्याकडच्या हॅचरीतून आम्ही फलित अंडी आणतो आणि उबवायच्या यंत्रात आडवी ठेवतो. दोन दिवसांनी कवचाला बारीक कात्रीने खिडकी पाडायची आणि आत बघायचं. बलकावर एक पांढरट रेघ असते, तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्यात टिंबाएवढं हृदय धडधडत असतं. मी हजारो अंडी उघडली असतील, पण ते टिंब हललं की अजून माझा श्वास अडकतो. खोटं नाही सांगत.

त्या रेघेच्या एका टोकाला पुढे मेंदू व्हायचा असतो. तेव्हा तो मेंदू नसतोच, नुसती नळी असते. मग कोण ठरवतं, की तू पुढचा मेंदू, तू मधला, आणि तू मागचा, तोल सांभाळणारा? तर त्या नळीला एके ठिकाणी कंबर असते, जराशी अरुंद. तिथल्या थोड्याशा पेशी एक प्रथिन सोडतात. ग्रोथ फॅक्टर म्हणतात त्याला, आपण निरोप म्हणू. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी बसली की ओट्याशी उभा असलेला खोकतो, बाहेरच्या खोलीतला म्हणतो जेवायची वेळ झाली वाटतं, आणि गच्चीवरच्याला पत्ताच नसतो. तसंच हे. जवळच्या पेशींना निरोप जोरात, लांबच्यांना हळू, फार लांबच्यांना नाहीच. आणि गंमत बघा, कमरेच्या पुढच्या पेशी तो निरोप ऐकून मधला मेंदू होतात आणि मागच्या पेशी तोच निरोप ऐकून लहान मेंदू होतात. निरोप एकच, ऐकणारे वेगळे.

आता खरी कमाल पुढे आहे. खसखशीहून लहान मणी घ्यायचा, त्या प्रथिनात भिजवायचा आणि कमरेपासून बराच पुढे, डोळ्याच्या मागे, अलगद ठेवायचा. त्या जागी मधला मेंदू होण्याचं काहीएक कारण नसतं. पण तिथल्या पेशी आपला बेत बदलतात. तिथे दुसरा मधला मेंदू व्हायला लागतो, आणि तोही उलटा, आरशात बघितल्यासारखा, कारण निरोप दुसऱ्या बाजूने आला ना! हे मी शोधलेलं नाही, जगाला पुष्कळ आधीपासून ठाऊक आहे. पण पहिल्यांदा माझ्या हातून झालं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. हात कुणाला जोडावेत ते कळेना, मग मण्यालाच जोडले.

माझ्या हाताखाली हरलीन नावाची मुलगी पीएच.डी. करत होती. मनीमाजऱ्याची, पापा सेक्टर त्रेचाळीसच्या बस अड्ड्यावर रोडवेजमध्ये नोकरीला. बोलणं कमी आणि हात असा, की दिवाळीत तिच्याकडून रांगोळी काढून घ्यावी. तिचं काम त्याच डोळ्यामागच्या जागेवर होतं. मणी नसेल तर तिथल्या पेशींना निरोप अजिबात ऐकू जात नाही, आणि मणी ठेवला तर तो किती अंतरापर्यंत ऐकू जातो, हे तिने चार वर्षं मोजलं. फेलोशिप डिसेंबरात संपणार होती. एप्रिलपासून परदेशातल्या एका प्रयोगशाळेत जागा पक्की झाली होती. प्रबंध लिहून तयार होता, राहिली होती फक्त माझी सही.

आणि मधे आला दसरा.

खंडेनवमीला मी लॅबमध्ये पूजा करते. चौदा वर्षांचा नेम आहे. सेक्टर बावीसमधून झेंडू आणायचा, आपट्याची पानं इथे मिळत नाहीत म्हणून रस्त्यावरच्या कचनाराची चालवून घ्यायची, आणि उबवायचं यंत्र, सूक्ष्मदर्शक, कात्र्या, सगळ्यांना हळदकुंकू वाहायचं. हळद अर्थात अण्णांची. इथल्या बाजारातली पुडी मी घरात येऊ देत नाही. आमचे हेड बाजवा सर पगडी सावरून हात जोडतात आणि पेढा खाऊन जातात. सगळं रीतसर असतं.

त्या वर्षी मी माझ्या चिमट्यालाही हळदीचं बोट लावलं. चिमट्याचं जरा सांगायला हवं. आमच्या धंद्यात चिमटा ज्याचा त्याचा. त्याचं टोक केसाएवढं बारीक असतं, एकदा जमिनीवर पडला की संपला. नवरा एक वेळ उसना देईन, चिमटा नाही देणार. म्हटलं, वर्षभर राबतो बिचारा, यंदा त्याचीही पूजा होऊ दे. हळद जरा ओली केली, म्हणजे नीट चिकटते. आणि हो, टोकाला नाही लावली, मागे जोडाजवळ लावली. तेवढी अक्कल मला आहे. हरलीनचा चिमटा तिच्या खणात कुलपात होता, त्यामुळे तो पूजेविना राहिला. दुसऱ्या दिवशी मी माझा चिमटा नळाखाली धुतला, पुसला आणि नेहमीसारखा स्पिरिटच्या बरणीत उभा करून ठेवला.

आठवड्याभराने सहीआधी एकदा आपणही बघून घ्यावं म्हणून मी स्वतः आठ गर्भ तयार केले. मणी वगैरे काही नाही, साधे. निरोप ज्या पेशींनी ऐकला त्या हिरव्या चमकाव्यात असं एक औषध असतं, ते लावलं. खोली अंधारी केली, निळा उजेड सोडला आणि डोळा लावला.

कमरेशी हिरवा पट्टा होता, तो असायलाच हवा. पण डोळ्याच्या मागे, त्या मुक्या जागेत, एक हिरवा ठिपका होता.

दुसरा गर्भ बघितला. ठिपका. तिसरा, ठिपका. आठही गर्भांत, अगदी त्याच जागी, काजव्यासारखा! माझ्या अंगावर काटा आला. अहो, ज्या जागेला जग गप्प समजत होतं, ती जागा आपणहून काहीतरी ऐकत होती. कमरेपासून इतक्या लांब, मग निरोप देणारं कोण? तिथे आणखी एक बोलणारी जागा आहे? मी त्या अंधाऱ्या खोलीत एकटी बसले आणि खरंच डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, सांगलीच्या मुलीला हे पहिल्यांदा दिसायचं होतं.

आता तुम्ही विचाराल, बाई, हरलीनला चार वर्षांत हा ठिपका कसा दिसला नाही? मीही तेच विचारलं. फक्त तुम्ही जितक्या गोडीने विचारताय तितक्या गोडीने नाही.

तिला तिचे तसेच गर्भ पुन्हा करायला सांगितले. तिने केले. ठिपका नाही. औषध न लावलेले करायला सांगितले, ते तर काळे ठार. म्हणजे बघा, औषध नाही तर ठिपका नाही, माझा शोध आणखीच पक्का झाला. मी तिला समोर बसवून सांगितलं, की तुझ्या हातून निरोप पुसला जातोय, तू धुताना घाई करतेस, तुझी चार वर्षांची मापं आता भरवशाची नाहीत, सगळं पुन्हा करावं लागेल. सहा महिने तरी.

सहा महिने म्हणजे फेलोशिप गेली, एप्रिलची जागा गेली. हे तिलाही कळत होतं, मलाही. ती म्हणाली, "जी मॅम." एवढंच. उठली आणि उबवायच्या यंत्रात नवी अंडी मांडायला गेली. ते "जी मॅम" अजून माझ्या कानात आहे, आणि मला त्याची अजून लाज वाटते.

इकडे मी फोटो बाजवा सरांना पाठवले. ते धावतच आले, डोळा लावला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. पुढच्या महिन्यातल्या परिषदेत हे सांगायचंच, असं त्यांनीच ठरवलं आणि माझं नाव कळवूनही टाकलं.

आणि मग मी दुसरी चूक केली. दिवाळीच्या पणत्या घ्यायला सेक्टर बावीसला गेले होते, तिथे देवधरकाकू भेटल्या. देवधरकाकू म्हणजे आमच्या मंडळाच्या चिटणीस. मंडळात इथले मराठी डॉक्टर, प्राध्यापक आणि बदलीवर आलेली सैन्यातली कुटुंबं. मी काकूंना म्हटलं, मेंदूतल्या एका भागाला निरोप ऐकू जातोय असं दिसतंय, अजून पक्कं नाही हं. बस, इतकंच म्हटलं.

गर्भात निरोप जसा लांब जातो तसा विरळ होतो. आमच्या मंडळात उलटं असतं. काकूंनी ग्रुपवर लिहिलं, की वैशालीताईंनी मेंदूत नवा भाग शोधला. तिथून ते एअर फोर्सच्या क्वार्टर्समध्ये पोचलं तेव्हा मी माणसाच्या मेंदूत शोधला होता. गुरुवारी मला एका कर्नलसाहेबांच्या मिसेसचा फोन आला, परदेशात बक्षीस घ्यायला जाताना थंडीचे कपडे आहेत का, नाहीतर माझा ओव्हरकोट न्या. आणि रविवारी सकाळी मंडळाच्या दिवाळी फराळाला माझा सत्कार ठरला, शाल-श्रीफळ देऊन.

मी नाही म्हणाले का? नाही म्हणाले. पण असं म्हणाले, की कुणालाही ते हो वाटेल.

शुक्रवारी हरलीनचा चिमटा पडला. फरशीवर, टोकावर. आवाज झाला आणि सगळ्या लॅबने माना वर केल्या. ती चार वर्षांत प्रथमच रडायच्या बेताला आली. माझं मन द्रवलं म्हणा, किंवा सत्काराच्या आनंदात होते म्हणा, मी आयुष्यात पहिल्यांदा माझा चिमटा दुसऱ्याला दिला. वर ऐकवलंही, की हा हात शिकवेल तुला.

शनिवारी दुपारी ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. तिच्या गर्भांतही ठिपका आला होता.

मी टाळीच वाजवली. म्हटलं, बघ, आता तुझ्या हातालाही जमायला लागलं! ती मला सूक्ष्मदर्शकापाशी घेऊन गेली. मी डोळा लावला. ठिपका होता, चांगला तेजस्वी. फक्त तो डोळ्यामागे नव्हता. शेपटीपाशी होता.

शेपटीपाशी मेंदू नसतो, हे तुम्हाला पीएच.डी. न करताही माहीत असेल.

हरलीन हळू आवाजात सांगत गेली आणि मी ऐकत गेले. काचेवर ठेवताना गर्भ चिमट्याने जरा दाबून सरळ करावा लागतो. मी नेहमी डोळ्याच्या मागे दाबते, चौदा वर्षांची सवय. ती शेपटीकडून दाबते. ज्याने जिथे दाबलं, तिथे ठिपका. आणि तिने दाखवलेल्या या गर्भाला तर चमकायचं औषध लावलेलंच नव्हतं.

मग तिने माझा चिमटाच निळ्या उजेडाखाली धरला. काय सांगू! टोकाला हिरवी झाक होती, आणि मागचा जोड असा पेटला होता, की सेक्टर सतराच्या चौकातली दिवाळीची रोषणाई झक मारेल. तिने जोडातून सुईने काहीतरी उकरून पांढऱ्या कागदावर ठेवलं. पिवळी बारीक रेघ, आणि तिच्यात लाल कण, एकच.

"मॅम," ती म्हणाली, "ये आपकी पूजा है."

हळद पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. निळ्या उजेडात हिरवी चमकते. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. दुसरी तर मी पोरांना वर्गात शिकवते. मी नळाखाली धुतलं ते वरचं गेलं, जोडातली हळद बरणीत उतरत राहिली, आणि मी रोज चिमटा त्या बरणीतून काढून पिल्लांच्या कपाळी हळद लावत राहिले. आठही गर्भांची मी स्वतःच्या हाताने पूजा केली होती. हळदीच्या अडत्याची मुलगी, आणि हळद बघून मला डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी तिथेच स्टुलावर बसले. हरलीनची चार वर्षं बरोबर होती. एकेक माप बरोबर होतं. ती जागा खरंच गप्प होती, जशी ती म्हणत होती तशी. मी तिला म्हटलं, "बेटा, माझं चुकलं. मी माझ्या हातावर शंका घेतली नाही, तुझ्यावर घेतली. माफ कर." तिने मान हलवली आणि ओढणीने डोळे पुसले. तिने प्रबंधाची नुकतीच छापलेली प्रत पुढे केली, मी तिथल्या तिथे सही केली. एकही पान न उलटता. हेही लक्षात असू द्या.

बाजवा सरांना सांगणं बाकी होतं. मी अगदी पहिल्यापासून सांगितलं. ते दाढीवरून हात फिरवत राहिले. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "वैशाली जी, परशाद तो हमने भी खाया था," आणि परिषदेला कळवायला फोन उचलला. स्वतःला गुन्ह्यात सामील करून घेणारा साहेब मी दुसरा पाहिला नाही.

रविवारी फराळाला गेले ती कबुली द्यायचीच म्हणून. पण शाल आधी आली, श्रीफळ आधी आलं, आणि देवधरकाकूंनी पुढे होऊन माझ्या कपाळी चांगलं ठसठशीत हळदकुंकू लावलं. त्या हळदीखाली मी उभी राहून बोलले. आधी त्या नळीचं सांगितलं, कमरेचं, निरोपाचं, आरशातल्या मेंदूचं. चकलीचा आवाजसुद्धा थांबला होता. सैन्यातले एक आजोबा पुढे वाकून ऐकत होते, त्यांनी विचारलं, म्हणजे आपल्या प्रत्येकात हे असंच झालं होतं का? मी म्हटलं, हो, साधारण असंच, तुमच्यात, माझ्यात, या मांडीवरच्या बाळात. त्यांनी हळूच स्वतःच्या मानेमागे, जिथे लहान मेंदू असतो, तिथे हात लावला. आणि त्यांचं बघून सगळ्यांनीच लावला. ते दृश्य मी कधी विसरणार नाही. माझा शोध खोटा निघाला तरी ते आश्चर्य खरं होतं, आणि ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला झालं.

मग मी हळदीचं सांगितलं. मला वाटलं, आता शाल परत मागतील. पण कुणाला काही वाईट वाटल्याचं दिसेना. काकू तर खूश. त्या म्हणाल्या, म्हणजे आपली हळद थेट मेंदूपर्यंत पोचली की. मी नाही म्हणत होते, पण चहा आला आणि माझं कुणी ऐकलं नाही.

पुढच्या आठवड्यात अण्णांचा फोन आला. यार्डातल्या कुणीतरी त्यांना मोबाइलवर एक मेसेज दाखवला होता. चंदीगडच्या मराठी शास्त्रज्ञ बाईंनी सिद्ध केलं, की रोज हळद घेतल्याने मेंदूत नवा भाग तयार होतो. खाली माझं नाव होतं, आणि शाल पांघरलेला फोटो.

मी कपाळाला हात लावून अण्णांना सगळं खरं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "बरं, पन चमक कशी हुती?"

मी म्हटलं, अण्णा, चमक फार होती.

"मग. राजापुरी हाय ती. भेसळीचा माल आसता तर तुझा ह्यो शोध लागलाच नसता." आणि समाधानाने फोन ठेवला.

हरलीनचा प्रबंध वेळेत गेला. मार्चमध्ये तोंडी परीक्षा झाली. मोठा हॉल, आमचा सगळा विभाग, तिचे पापा रोडवेजच्या खाकी गणवेशातच पहिल्या रांगेत. बाहेरून आलेले परीक्षक म्हैसूरकडचे, वयस्कर, कडक. ती सुरेख बोलली. त्या गप्प जागेला मणी ठेवल्यावर निरोप कसा ऐकू जातो हे सांगताना तिचा आवाज जरा हलला, आणि मी मान खाली घातली, कारण माझाही हलला असता.

परीक्षकांनी प्रबंध उघडला आणि चष्मा खाली ओढून म्हणाले, प्रयोगाच्या पद्धतीत एक वाक्य मला समजलं नाही. मग ते मोठ्याने वाचलं. अगदी गंभीर इंग्रजीत लिहिलं होतं. त्याचा अर्थ असा: या प्रयोगांत वापरलेल्या कोणत्याही उपकरणाची पूजा करण्यात आली नव्हती.

मी सही करताना एकही पान उलटलं नव्हतं ना, ते हे.

सगळ्या हॉलने हरलीनकडे बघितलं. हरलीनने माझ्याकडे बघितलं. मग हॉलने माझ्याकडे बघितलं. शेवटी मीच उभी राहिले आणि खंडेनवमीपासून शेपटीपर्यंत सगळं सांगितलं. तिच्या पापांसमोर सांगितलं, की चूक माझी होती आणि पकडली तुमच्या मुलीने. बाजवा सर छताकडे बघत होते. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी जरा काळजीच्या सुरात विचारलं, आमच्याकडे आयुधपूजेला चंदन लावतात, ते चमकतं का, हे कुणी तपासलंय का? आणि स्वतःच्या वहीत काहीतरी लिहून ठेवलं.

हरलीन डॉक्टर झाली. बाहेर मिठाई वाटली जात होती. मला राहवलं नाही. चार वर्षं लेकीसारखी वागवलेली पोर, आठ दिवसांनी दूरदेशी चाललेली. पर्समधून हळदकुंकवाचा करंडा काढला. हळदीत बोट बुडवलं. तिनेही ओढणी सावरून, डोळे मिटून, कपाळ पुढे केलं.

"लगाओ मॅम," ती म्हणाली. "बस, मेरे बैग को हाथ मत लगाना. नया चिमटा उसी में है."